चष्मा पुसणारे डॉक्टर

दिघोरीच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर दुखण्यावरचे उपाय समजावून विचारायचे, "तुम्हाला कोणता जमेल?" मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत बसायचे. पेशंट बोलेपर्यंत तो डोळ्यांवर चढत नसे. "आमालेच समजलं असतं तं इथं कायले आलो असतो?" म्हणत कितीक जण उठून भंडाऱ्याच्या डॉक्टरकडं गेले.

मायला क्षय निघाला तेव्हा मी सोबत होते. सुया घ्यायच्या तर सारखं दवाखान्यात यायचं, गोळ्या घ्यायच्या तर वर्षभर, न चुकवता. बाबा म्हणाले, "सुईच द्या." डॉक्टरांनी त्यांच्यापुढं हात आडवा धरला, मायकडं पाहिलं आणि चष्मा काढला. मायला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. बाहेर रांग कुरकुरू लागली, पण पुसणं काही थांबेना. शेवटी ती म्हणाली, "धानाचा रोवणा चालू हाय, सारखं येनं नाई होत. गोळ्या द्या. चुकवणार नाई."

माय बरी झाली. पण त्या डॉक्टरांचे उपकार मी मानते, ते तेवढ्यासाठीच नाही.

पुढं माझं लग्न ठरत होतं. बाबा, काका सगळे बोलत होते. मायनं त्यांच्यापुढं हात आडवा धरला. "तू सांग, पोरी. तुले काय वाटते?"

तिच्याजवळ चष्मा नव्हता. मी बोलेपर्यंत ती पदरानं एकच कपबशी पुसत राहिली.