आईंची पर्स आणि माझी छत्री

१९ जुलै, शनिवार. सकाळपासून पिरपिर, वारा नाही. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी.

रोजनिशीत हवामान लिहायची माझी जुनी सवय. त्या दिवशी मात्र एवढं लिहून मी वही मिटली. पुढे काय लिहिणार होते? स्वतःच्या सासूच्या दहाव्याला जाऊन मी जो गाढवपणा केला, तो वहीला सांगायचीही लाज वाटत होती. आज तुम्ही चहाला बसलाच आहात, तर ऐका.

रामकुंडाच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. गुरुजींनी वरच्या कट्ट्यावर पिंड मांडला आणि आम्ही सगळे भिजत, हात जोडून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. मी हात जोडले नव्हते. माझ्या हातात छत्री होती. भाताचा पिंड पावसात विरघळेल म्हणून मी ती पिंडावर धरली होती. काटेकोर बाई ना मी!

समोरच्या कठड्यावर एक कावळा होता. मान वाकडी करून बघायचा, पण जागचा हलत नव्हता.

"काहीतरी इच्छा राहिली आहे," त्र्यंबकचे काका म्हणाले. हे आमच्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. धर्मकार्यात त्यांचा शब्द शेवटचा. "बोला, एकेकाने वचन द्या!"

आमचे हे पुढे झाले. "आई, मी तंबाखू सोडतो!"

कावळा ढिम्म. त्यालाही खरं वाटलं नसावं.

मग भावोजी. "आई, मी आणि दादा यापुढे भांडणार नाही."

कावळा उडून आणखी लांब जाऊन बसला.

"आटपा हो," गुरुजी म्हणाले, "मागे मंडळी खोळंबलीत."

आई अशाच अडकून राहिल्या तर? आणि मला एकदम आठवलं. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी आई सारख्या म्हणत होत्या, "पर्स भिजेल गं, पर्स भिजेल."

पर्स म्हणजे आईंची तपकिरी चामड्याची पर्स. मोठ्या नणंदबाईंनी, शोभाताईंनी, पहिल्या पगारातून आईंना घेऊन दिलेली. दहाव्याच्याच दिवशी सकाळी शोभाताई मला म्हणाल्या होत्या, "सुनीता, मला आईचं दुसरं काही नको. तेवढी पर्स दे." मी "हो ताई" म्हटलंही होतं.

पण त्या घटकेला डोकं चाललं तर ना! मी छत्री मिटली, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "आई, तुमची पर्स मी जिवापाड सांभाळीन. पाण्याचा थेंब लागू देणार नाही!"

कावळा झपकन आला आणि पिंडाला शिवला.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं. मी रडत होते.

शोभाताईंच्या आलं. "काका, तिने छत्री मिटली म्हणून आला तो. आणि पर्स दवाखान्यात खिडकीत होती, पाऊस आत येत होता, म्हणून आई तसं म्हणाली. मी उचलून कॉटखाली ठेवली, संपला विषय."

"शोभा! वचन दिलंय, कावळा शिवलाय. पर्स सुनीताकडेच राहणार."

शोभाताई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "ठेव बाई. तूच ठेव."

ते 'बाई' मला अजून ऐकू येतं.

आता वचन म्हटल्यावर ते पाळायला नको? घरी आल्यावर मी पर्स ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली. चामडं मऊ राहावं म्हणून खोबरेल तेलाचा सढळ हात दिला. मग ती साडीच्या चेनच्या पिशवीत घातली. ती पिशवी नव्या गादीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली. सगळीकडून खाकी टेप मारला. ते बोचकं लोखंडी पेटीत आणि पेटी माळ्यावर. गोदावरी घरात शिरली असती तरी आत पाणी गेलं नसतं.

आईंच्या दुसऱ्या मासिकाच्या आधी शोभाताईंचा फोन आला. आवाजात किती दिवसांनी हसू होतं. "सुनीता, काकांना पटवलं गं! म्हणाले, लेकीने सांभाळली तरी वचन मोडत नाही. मी येतेय पर्स न्यायला."

मला इतकं हलकं वाटलं! मी त्यांच्यासाठी पुरणपोळीचा घाट घातला.

जेवणं झाल्यावर पेटी खाली काढली. मी टेप सोडवतेय, सोडवतेय, संपतच नाही.

"अगं, काय हे! आत पर्सच आहे ना?" शोभाताई हसत म्हणाल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा त्या माझ्याशी थट्टेने बोलत होत्या.

शेवटच्या पिशवीची चेन उघडली आणि कुबट भपका आला.

पर्सवर हिरवी-पांढरी लव आली होती. चांगली बोटभर. शोभाताईंनी पदराने पुसायला घेतली, तर पदराबरोबर चामड्याचा पापुद्राच निघून आला. पट्टा धरला, तो हातात राहिला.

"भिजली कुठे एवढी?" ह्यांनी विचारलं.

"कुठे नाही हो. एक थेंब लागू दिला नाही मी."

शोभाताई खाली बसल्या. "अगं, कातड्याला हवा लागते. आई दर पावसाळ्यात तिच्यात पेपरचे बोळे कोंबून आतल्या खोलीत खुंटीला टांगायची. इतकी वर्षं एका घरात राहून तू पाहिलं नाहीस?"

पाहिलं होतं. मला वाटायचं, आई रद्दी लपवून ठेवतात. मी ते बोळे काढून रद्दीवाल्याला द्यायचे, आणि आई काही न बोलता परत नवे भरायच्या.

हे मी बोलले नाही. तेवढी अक्कल उशिरा का होईना, आली.

"तशीच नेते मी," शोभाताई म्हणाल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. बुरशी नाकातोंडात गेली होती. त्यांना दमा आहे. ह्यांनी पर्स त्यांच्या हातातून काढून गॅलरीत ठेवली.

शोभाताईंनी कात्री मागितली. पट्ट्याचं पितळी बक्कल कापून घेतलं, रुमालात बांधलं आणि दुपारच्या गाडीने त्या नांदगावला आपल्या घरी गेल्या. पर्स दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या घंटागाडीत गेली.