डोक्यांचे डाग

कंधारच्या बसस्टँडवर एक पोरगी मन लावून भिंतीचे फोटो काढत होती.

"या कळकट भिंतीत काय बघून राहिलीस गं?" मी विचारलं.

"आजी, मोबाइलवरच्या खेळांसाठी गावं, घरं बनवते मी. एका कंपनीला किल्ला बनवून पाठवला, लई देखणा. ते म्हणले, इथं कुणी राहतंय असं वाटतच न्हाई. आता नोकरीसाठी ही एकच भिंत बनवून पाठवणार."

बाकड्यामागं, टेकलेल्या डोक्यांचे तेलकट डाग होते. त्यांवरून ती हळूच बोट फिरवत होती.

"खालीबी बघ," मी म्हणाले. "आम्ही बाया भुईवरच बसतो."

ती लगेच खाली बसली, खालच्या डागांना डोकं टेकवून समोर बघत राहिली. तिची नांदेडची गाडी आली आणि गेलीसुद्धा.

पुढं नोकरी लागली का, ठाऊक नाही बाई. मी कंपनीवाली असते, तर तिथंच ठेवून घेतलं असतं.