चौथ्या ओळीतली साडी

आज सकाळी नऊलाच ऊन उंबऱ्याच्या आत येऊन बसलंय. वारा नाही. लिंबाचं पान हलत नाही. उजनी धरणाचं पाणी मागं सरलंय आणि त्यात बुडालेल्या जुन्या देवळाचा कळस उघडा पडलाय. आमच्या पळसदेवात कळस दिसला की समजायचं, खरा उन्हाळा आता लागला. आणि उन्हाळा लागला की दगडूतात्याचे किस्से साचतात, माठाखाली ओल साचते तसे. पुसून घ्या, परत आहेच!

तात्या माझा शेजारी. डाळिंबाची बाग आणि घरात एकटा जीव. मागच्या वैशाखात भर दुपारी बागेत चक्कर येऊन पडला. इंदापूरला नेऊन दोन सलाईन लावाव्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, "परत असं झालं तर हाती लागायचे नाहीत."

तात्या घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटला, "ऊन न्हाय लागलं. पित्त झालं हुतं!"

त्याची लेक शोभा बावड्याला दिलीय. तिचा मला फोन आला. "आबा, तात्यास्नी दुपारचं रानात जाऊ देऊ नका. माझं ऐकत न्हाईत. तुमच्या भरवशावर हाय मी."

मी म्हणालो, "बरं." म्हणायला काय जातंय!

*

कळस बघायला पुण्याची माणसं येतात. त्यातली एक पोरगी, डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फात बांधलेलं, तात्याच्या बांधावर थांबली.

"आजोबा, डोक्यावर काहीच नाही? ऊन लागेल ना!"

"ऊन माझ्या ओळखीचं हाय बाई," तात्या म्हणाला.

पोरगी भली. स्वतःकडची नवी टोपी काढून त्याच्या हातात दिली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक काम तर झालं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर टोपी बुजगावण्याच्या डोक्यावर!

"तात्या, अरं काय हे?"

"मी अधनंमधनं घरी तर जातो. ते बिचारं दिवसभर उन्हात उभं असतंय."

*

मग मी आरोग्य केंद्राच्या आशाताईला गाठलं. ती आली, मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या, म्हणाली, "पाण्यात कालवून घोट घोट प्यायचं." पुडीवर सगळं लिहिलेलं असतं. पण मला शाळा नाही, आणि तात्याला आहे तर त्याचा चष्मा कधी जागेवर नसतो.

आठ दिवसांनी ताई विचारायला आली. तात्या नाराज.

"औषधात दम न्हाय ताई. नुसतं पाणी लागतंय."

"किती पाण्यात कालवता?"

तात्यानं पाण्याचा वीस लिटरचा जार दाखवला. फवारणीचा हिशोब, वीस लिटरच्या एका पंपाला एक पुडी!

ताईनं कपाळाला हात लावला. "अहो तात्या, एक लिटरला एक पुडी!"

तात्या घाबरून माझ्याकडं बघायला लागला. "एवढा स्ट्राँग डोस? पानं जळतील की, आबा!"

*

एकदा बबन ट्रॅक्टरवाला बागेत शेणखताची ट्रॉली रिकामी करून, तिथंच सोडून जेवायला गेला. ट्रॉलीच्या सावलीला तात्या आडवा झाला. म्हटलं, झोपू दे, निदान उन्हात तरी नाही. मी तांब्या भरून आणायला विहिरीवर गेलो.

येऊन बघतो तर ट्रॉली गायब, आणि तात्या भगभगीत उन्हात घोरतोय! मी धावत गेलो. अख्खा तांब्या तोंडावर ओतला.

तात्या उठून बसला. इकडं तिकडं बघितलं. "सावली कुठं गेली?"

"बबननं नेली."

तात्यानं तिथूनच बबनला फोन लावला. "ए बबन्या, माझी सावली घेऊन गेलास व्हय रं? आत्ताच्या आत्ता आणून लाव. आन मोकळी आणू नगंस, येताना शेणखत भरून आण!"

*

उन्हानं डाळिंबाच्या फळाला चट्टे पडतात, म्हणून आमच्याकडं झाडं झाकतात. तात्यानं सगळ्या आळीतल्या जुन्या साड्या मागून आणल्या. एका झाडाला एक साडी. लाल, निळी, पोपटी. बाग नुसती लग्नाचा मांडव!

मी म्हणालो, "तात्या, झाडांना साड्या नेसवल्यास, आता त्यातली एक फाडून डोक्याला बांध की."

त्यानं शांतपणे विचारलं, "कुठल्या झाडाची काढू, सांगा."

मी ओळीनं बघत गेलो. प्रत्येक झाडाला फळं लगडलेली. शेवटच्या झाडापर्यंत जाऊन मी परत आलो.

शेवटी तोडगा निघाला. अकरा ते चार तात्या घरात बसणार. तो चिडून म्हणाला, "शोभीचा हेर झालाय तुमी!" पण बसला.

*

बसला, तो परवापर्यंत. परवा दुपारी एकला वावटळ उठली आणि तीन साड्या उडाल्या. तात्या अनवाणी पळाला. मी एका हातात बाटली, दुसऱ्या हातात ओला टॉवेल घेऊन त्याच्या मागं.

"टॉवेल घे!" घेतला.

"पाणी पी!" प्यायला.

तो साडी बांधायचा, मी बाटली पुढं करायचो. तो पुढच्या झाडाला, मी त्याच्या मागं. माझं सगळं ध्यान त्याच्या तोंडाकडं, घाम येतोय का, पाय लटपटतायत का. दुसऱ्या साडीला बाटली संपली. तिसरी साडी बांधून झाली, तात्या ठणठणीत. मी मनात म्हटलं, शोभाला सांगू, जिंकलो!

तेवढ्यात झाडं फिरायला लागली. आधी लाल, मग निळी.

डोळे उघडले तेव्हा मी बबननं परत आणून लावलेल्या ट्रॉलीच्या सावलीत होतो. तात्यानं मला पाठीवर घालून आणलं होतं. छातीवर तोच ओला टॉवेल, ओठाला मीठ-साखरेचं पाणी. या खेपेला मात्र बरोबर लिटरला एक पुडी! माझ्या डोक्याभोवती काहीतरी गार, पोपटी गुंडाळलेलं होतं. मी उठायला लागलो, तर तात्यानं दोन्ही खांदे दाबून धरले.

"हलू नका आबा. चौथ्या ओळीतल्या झाडाची साडी सोडून तुमाला बांधलीय. त्याची फळं भाजायच्या आत बरं व्हा!"