बाबांना बोलतं करणाऱ्या मॅडम

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या मॅडमचे. वर्गात त्या शुद्ध मराठी बोलायच्या. यंत्राशी मात्र मालवणीत, पान्हा चोरणाऱ्या गाईशी बोलावं तशा.

अर्धांगवायूने बाबांची वाचा गेली होती. त्यांनी टाइप केलेलं स्पीकरवर ऐकू यावं म्हणून मी तळहाताएवढा कॉम्प्युटर आणला. त्यात लिनक्स या प्रणालीचा अगदी मोजका भागच मावला आणि स्पीकरला जोडणारं ब्लूटूथ काही सुरू होईना. शेवटी मॅडम जामसंड्याला आमच्या घरी आल्या. पडद्यावरची एकेक ओळ बोट ठेवून वाचताना म्हणत होत्या, "उठ गो बाये, लाजतंस कित्याक?" ब्लूटूथच्या चिपला लागणारी फाइलच त्यात नव्हती. ती घातल्यावर स्पीकर टुंग असा वाजला.

बाबांनी कीबोर्ड जवळ ओढला, तशा मॅडम उठल्या. "पयलो शब्द घरच्यांचो," म्हणाल्या आणि निघूनही गेल्या.

मी त्यांना पत्र लिहिलं: "मॅडम, बाबांचे पहिले शब्द तुमच्यासाठीच होते. 'बाईंका बसाक सांग. चाय ठेव.' तोवर तुम्ही रस्त्याला लागला होतात. तुमचा चहा राहिला आहे."