अकेनेसे आत्याची यादी

उजवा पाय गुडघ्याखाली कापला, आणि त्यानंतरच अकेनेसे आत्या स्वतः सामान घ्यायला येऊ लागली. दोन पाय होते तेव्हा नुसती यादी येई. तिची सून आणून देई. पालेभाजी, वाल, ओट्स, मासळीचे चार लहान डबे. साखरेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं खाणं.

उपोलू बेटावरच्या या दुकानात एकतीस वर्षं माल मी पाहतो. त्या यादीत फेरफार मीच करत असे, हे लिहायला संकोच वाटतो. तिचा मुलगा इओसेफो हा मताई, म्हणजे घराण्याचा प्रमुख. त्याच्या आईला मासळीचे लहान डबे पाठवणं मला शोभेना. ते काढून मी खाऱ्या मांसाचा मोठा डबा ठेवी आणि वर ‘आत्यांना नमस्कार सांग’ म्हणे. घरीही कोणाला त्यात चूक दिसली नाही. मान म्हणजे मांस, असंच आम्ही सगळे वाढलो.

आता डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम होती. साखर उतरली नाही तर हाही पाय जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

त्या शनिवारी घराण्यातल्या चार जणांनी तिची चाकांची खुर्ची दुकानाच्या तीन पायऱ्या चढवून आणली आणि रिवाजाप्रमाणे दाराशी, वाऱ्याला ठेवली.

“बसा आत्या, नारळ फोडतो. दुकानातल्या मुली आणून देतील सगळं.”

“दोन वर्षं आणूनच दिलंस की. आणि नारळात काय साखर नसते? मला आत ने.”

आत जायला वाट नव्हती. गावात एक मोठी मयत होती, तिथे मानाने वाटायला सांगून ठेवलेली डब्यांची खोकी रांगेत रचली होती.

“मयतीची आहेत, आत्या.”

“मेलेल्याला घाई नसते. मला आहे.”

मी बावीस खोकी हलवली. ती खुर्ची रेटत आत गेली. डब्यामागची बारीक अक्षरं तिला दिसेनात, म्हणून मला वाचायला लावी.

“मीठ?”

“पुष्कळ.”

“ठेव परत.”

पाऊण तास गेला. मधेच ती चाकावर हात ठेवून डोळे मिटून बसे. मला वाटे, झोप लागली. मग पुन्हा हात पुढे येई.

न्यायला इओसेफो आला. आईच्या मांडीवरची टोपली पाहून त्याने आवाज उतरवला. गल्ल्यापाशी माणसं होती.

“वाल? आई, लोक बघतायत. उद्या म्हणतील, याच्या घरी आईला वाल घालतात.”

“लोक माझ्या पायाकडे बघत नाहीत ना? मान वळवतात. तशीच टोपलीवरूनही वळवू देत.”

फळीवरचे खाऱ्या मांसाचे तीन मोठे डबे घेऊन त्याने टोपलीत वर ठेवले. आत्याने माझ्याकडे पाहिलं. बोलायचं त्राण नसावं.

मी डबे उचलून परत फळीवर ठेवले. “यादीत नाहीत,” मी म्हणालो. मताईला चारचौघांत मी कधी असं बोललो नव्हतो.

“मग लिहा यादीत.”

“यादी माझी आहे,” आत्या म्हणाली.

तो बाहेर जाऊन गाडीत बसला. खुर्ची उचलणारे चौघे अंगणातच होते, पण मताई रागाने बसलेला, मग पुढे कोण होणार? ते जमिनीकडे पाहत राहिले. माझ्या कंबरेने एकट्याला ते जमणार नव्हतं. आत्या वरच्या पायरीशी टोपली धरून बसून राहिली. ऊन तिच्या मांडीपर्यंत आलं.

“आत घेऊ का, आत्या?”

“नको. बसते.”

बऱ्याच वेळाने गाडीचं दार उघडलं. इओसेफो आला आणि खाली वाकून त्याने खुर्चीची पुढची बाजू स्वतः धरली. मग चौघेही धावले. टोपली होती तशीच गाडीत गेली.

“इओसेफो,” ती म्हणाली, “दर शनिवारी मला एवढं बोलायला लावू नकोस रे. अंगात जीव राहत नाही.”

तिचा डावा पाय दोन्ही हातांनी, अंगठ्याला धक्का न लावता, त्याने उचलून आत ठेवला आणि दार लावलं.