चौथ्या मजल्यावरचं ‘हाय’

आई माझ्याकडे पनवेलजवळ सुकापूरला आली ती गुडघ्यापायी. चिपळूणला दोन खोल्यांत ती एकटीच राहायची. एकदा मोरीत पाय घसरून पडली आणि रात्रभर तिथेच पडून राहिली. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या, आतून काही उत्तर येईना, म्हणून त्याने शेजाऱ्यांना गोळा केलं, तेव्हा कुठे दार उघडलं. पुढे गुडघ्याचं ऑपरेशन पनवेललाच केलं आणि तिला थेट घरी घेऊन आले. ती रात्र मी काही केल्या विसरू शकत नव्हते. आई मात्र विसरली होती, किंवा तसं दाखवत होती. गुडघा चालायला लागला की मी निघाले, असं तिने आल्या दिवशीच जाहीर करून टाकलं.

लेकीच्या घरी पाहुणी म्हणून यावं, चार दिवस राहावं, साडीचोळी घेऊन निघावं, असा तिचा कायदा. जावई कितीही चांगला असला तरी तो जावईच. माझा नवरा साताऱ्याकडचा, स्वभावाने गरीब. आईला तो रोज न चुकता ‘बरं वाटतंय ना?’ विचारायचा आणि ती ‘हो, अगदी’ म्हणायची. दोघांचं संभाषण तिथे संपायचं. मी पनवेलला एका विम्याच्या ऑफिसात नोकरीला, नवरा तळोज्याला कारखान्यात. दिवसभर आई आणि चौथ्या मजल्यावरचा बंद फ्लॅट. चिपळूणला तिचं दार रस्त्यावरच उघडायचं. येणाऱ्याजाणाऱ्याशी ती भाजी निवडता निवडता बोलायची. इथे समोरच्या फ्लॅटलाही जाळीचं दार होतं आणि त्यामागे लाकडी दार होतं. एकदा मी घरी आले तर ती भिंतीवरच्या पालीला काहीतरी समजावून सांगत होती. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

स्मार्टफोन तेव्हा नुकते घरोघर आले होते. आमच्या इमारतीतल्या बायकांचा एक ग्रुप होता, ‘ताजी मासळी’. तो मीच काढला होता आणि त्याचा मला अभिमान होता. झालं असं की उरणजवळच्या मोऱ्याहून एक मासेवाली मावशी पूर्वी आमच्या गल्लीत पाटी घेऊन यायची, हाळी द्यायची, आम्ही बाल्कनीतून थांबवायचो. मग सुकापुरात एकामागून एक इमारतींना फाटकं आली, फाटकांना वॉचमन आले आणि सोसायटीने नियम केला की फेरीवाल्यांना आत सोडायचं नाही. एखाद्या घराने स्वतःहून बोलावलं असेल तरच वॉचमनने वर विचारायचं आणि सोडायचं. मावशीची हाळी फाटकाबाहेर राहिली आणि आमचे बोंबील गेले. तिच्या मुलाने तिला फोन घेऊन दिला होता. लिहिण्याचा तिला कंटाळा, पण बोलण्याचा मुळीच नाही. तेव्हा ती ग्रुपवर आवाजाचे मेसेज पाठवायची. सकाळी जेट्टीवरून निघतानाच तिचा आवाज यायचा, मागे होड्यांची घरघर आणि बायकांचा गलका: बोंबील हाय, कोलंबी हाय, पापलेट नाय. ग्रुपमधल्या बायका तिला ‘हाय मावशी’ असं लिहायच्या, खाली एखादं फूल टाकायच्या आणि आपापल्या ऑफिसला पळायच्या. बोलावणार कोण? दिवसा घरी होतंच कोण?

आईचा वेळ जावा म्हणून मी तिला फोन आणला. तिची बोटं अक्षरांवर बसेनात. ‘क’ म्हणून दाबायची आणि ‘ख’ उमटायचा. मग मी म्हटलं, तू बोल. हा माइक अंगठ्याने दाबून धर, बोल, आणि बोलून झालं की सोड. तिला ग्रुपात घातलं आणि सगळ्यांना लिहून कळवलं की ही माझी आई, आता दिवसभर घरी असते. मावशीलाही वेगळा फोन करून सांगितलं. आणि आईला बजावलं की सुरुवातीला ‘हाय’ म्हणायचं, इथे सगळे तसंच म्हणतात.

“हाय काय म्हणायचं? कोण मेलंय का?” आई म्हणाली.

मी तिला समजावलं की हे इंग्रजीतलं हाय आहे, नमस्कारासारखं. मग नमस्कारच म्हणते, असं तिचं म्हणणं. मी जराशी चिडले. माझा स्वभावच तसा आहे, शिकवायला बसले की समोरच्याने शिकलंच पाहिजे. शेवटी ती ‘बरं बाई, हाय तर हाय’ म्हणाली आणि मी ऑफिसला गेले.

संध्याकाळी दार उघडलं तर घरभर तळलेल्या बोंबलाचा वास. आई सोफ्यावर बसली होती आणि तिचा चेहरा असा काही खुलला होता की मी चप्पल काढायची विसरले. तिने सांगितलं ते असं. दुपारी बाराच्या सुमाराला वॉचमनने फोन केला की मासेवाली आली आहे, तुम्ही बोलावलंय म्हणते. आईने कोणालाच बोलावलं नव्हतं. पण एवढ्या उन्हात बाई दारापर्यंत आली आहे आणि तिला नाही म्हणायचं, हे आईच्या रक्तातच नव्हतं. तिने वर सोडायला सांगितलं. मावशी आली, तांब्याभर पाणी प्यायली, उंबऱ्यापाशी पाटी ठेवून बसली आणि दोघी दोन तास बोलल्या. मावशीला चार सुना होत्या, त्यातली एक गुणी. आईने गुडघ्याचे टाके दाखवले. मावशीने बोंबील साफ करून दिले, शिवाय वर चार कोलंब्या फुकट टाकल्या.

बोलावलं कोणी, हे मला कळेना. मी फोन घेतला आणि ग्रुपातले आवाज एकेक लावले. आधी मावशीचा: “सुकापूरला आज घरी कोन हाय का?” त्याखाली लगेच आईचा मेसेज. आईने माइक दाबला होता, माझ्या आज्ञेप्रमाणे ‘हाय’ म्हटलं होतं आणि स्वतःच्याच आवाजाला दचकून अंगठा सोडला होता. एवढाच मेसेज. हाय.

मोऱ्याच्या बाईने विचारलं घरी कोणी आहे का, आणि चौथ्या मजल्यावरून खणखणीत उत्तर आलं की आहे. तिची काय चूक? आईची तरी काय चूक? मी हसत सुटले. नवरा आला, त्यालाही सांगितलं, तोही हसला आणि पहिल्यांदाच त्याने आईला ‘बरं वाटतंय ना?’ सोडून दुसरं काहीतरी विचारलं. त्याने विचारलं की बोंबील म्हणजे नक्की कसा असतो. साताऱ्याच्या माणसाला सगळे मासे सारखेच. आई त्याला जेवताना बोंबील, मांदेली आणि मोदक यांतला फरक समजावत बसली. मोदक हाही मासाच, यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

आईला मी त्या शब्दाचा घोळ समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि ठरवलं की असं असेल तर चांगलंच आहे. दुसऱ्या दिवसापासून मावशीने विचारलं की आई माइक दाबून, या वेळी न दचकता, हाय म्हणायची. मावशी वर यायची. ज्या बायका सुट्टीवर किंवा दुसऱ्या पाळीला असत त्या वाटी, डबा घेऊन आमच्या दाराशी जमायच्या. ज्या ऑफिसला गेलेल्या असत त्यांचे मासे आई घ्यायची, मीठ-हळद लावून आमच्या फ्रिजमध्ये ठेवायची आणि संध्याकाळी त्या येऊन घेऊन जायच्या. जाताना दोन शब्द बोलायच्या. मी त्या इमारतीत चार वर्षं राहत होते आणि तिसऱ्या मजल्यावरची बाई गाते हे मला आईकडून कळलं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली ती अपेक्षितच होती. लिफ्टला वास येतो, हा नियमाचा भंग आहे, असं ते दारात येऊन म्हणाले. आईने त्यांना आत बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की ती फेरीवाली नाही, माझ्याकडे येणारी पाहुणी आहे. पाहुणीच्या पाटीत काय आहे हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. सेक्रेटरी चहा पिऊन गेले. पुढच्या खेपेला मावशी पाटीऐवजी झाकणाचा मोठा डबा घेऊन आली. त्यानंतरच्या आठवड्यात सेक्रेटरींच्या बायकोने कोलंबीसाठी वाटी पाठवली, आणि त्या विषयावर इमारतीत पुन्हा कोणी बोललं नाही.

पण गुडघा बरा झाला. आई जिने चढू लागली, बाजारात जाऊ लागली आणि चिपळूणचं नाव पुन्हा काढू लागली. पावसाळा लागला, होड्या किनाऱ्याला ओढल्या गेल्या, मासळी बंद. मला वाटलं होतं की मासे थांबले की निदान तिचा मुक्काम तरी लांबेल, कारण बाहेर एवढा पाऊस. पण तिने उलटाच हिशेब मांडला. आता इथे माझं काम काय, असं तिने मला विचारलं. मी भांडले. चिपळूणला परत पडलीस तर काय, असं मी ओरडून विचारलं. तर म्हणाली की लोक काय म्हणतील, लेकीकडे कायमची येऊन बसली म्हणतील. नवरा मध्ये पडला, त्यालाही तिने गोड बोलून गप्प केलं. शेवटी रागारागाने मी तिचं रविवारच्या एसटीचं तिकीट काढलं. त्या आठवड्यात मी तिच्याशी धड बोलले नाही. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मला राग येतो.

मावशीचे मेसेज मात्र थांबले नव्हते. विकायला काही नव्हतं, तरी सकाळी ती बोलायची. आज काय नाय, जाली शिवतंय, पाऊस लय हाय. आणि शेवटी ठरलेलं, जेवलीस का गो बाय. आता हे मेसेज ग्रुपवर येत नव्हते, थेट आईला यायचे. आई उत्तर द्यायची. ज्या बाईला एक शब्द बोलताना घाम फुटायचा तिचे मेसेज आता एवढे लांब झाले होते की मध्येच तिचा अंगठा दुखायचा. मी ऑफिसला निघताना ती खिडकीपाशी बसून मोऱ्याला आमटीची पाककृती सांगत असायची.

गुरुवारी रात्री वादळी पाऊस झाला आणि सुकापुरातली वीज गेली. सकाळीही आली नाही. मी ऑफिसला गेले. आमच्याकडे ऑडिट होतं, फोन सायलेंट करून पर्समध्ये टाकलेला. दुपारी जेवायच्या वेळी काढला तर मावशीचे ढीगभर मिस कॉल. आईला लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मावशीला लावला तर तोही लागेना. साहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही. भर पावसात रिक्षा पकडली आणि सुकापूर येईपर्यंत मोरी, ती रात्र, सगळं डोळ्यांसमोर नाचत राहिलं.

फाटकाशी वॉचमनने मला थांबवलं. तो जरा गोंधळलेला होता. म्हणाला की मासेवाली आली होती, पण हातात डबा नव्हता, काहीच नव्हतं, नखशिखान्त भिजलेली. त्याने नियमाप्रमाणे विचारलं की कोणी बोलावलं. ती म्हणाली, “कोनी बोलावला नाय. ती आज बोलली नाय, म्हनून आले.” मग त्याने नियम सोडला आणि तिला वर पाठवलं. लिफ्ट बंद होती, जिन्याने गेली.

मीही जिन्यानेच धावले. दार सताड उघडं होतं. आत आई धडधाकट उभी होती आणि माझा जुना गाउन घातलेल्या मावशीला गरम पिठलं-भात वाढत होती. फोन वीज नसल्यामुळे बंद पडला होता, एवढंच. मावशीने सकाळपासून विचारलं, उत्तर नाही, फोन केला, बंद, मला केला, उचलला नाही. तिने एसटी पकडली, पनवेलला उतरून रिक्षा केली आणि आली. मला बघून ती म्हणाली की तुझी आये बरी हाय, तू बस, जेव. मला हुंदका फुटला. मी तिथेच जमिनीवर बसले आणि दोघी मला हसायला लागल्या.

मावशी पाऊस कमी झाल्यावर गेली. आई तिला खाली रस्त्यापर्यंत सोडून आली, जिन्याने, एकेक पायरी. वर येऊन तिने फडक्याने पाय पुसले आणि माझ्याकडे न बघताच बोलली.

“मी एक सकाळ गप्प राहिले तर एवढ्या लांबून माणूस आलं. आता मी इथून कशी जाऊ? ते रविवारचं तिकीट रद्द कर.”

मी लगेच उठले, पण वीज अजून आली नव्हती आणि माझाही फोन एव्हाना बंद पडला होता. मग मी छत्री घेतली आणि पनवेलच्या एसटी स्टँडवर स्वतः जाऊन ते रद्द करून आले.