उजवीकडची भिंत

गरम रबराचा वास आला की मला नाशिकच्या आमच्या कॉलेजातली ती खुर्ची आठवते. वाऱ्याच्या झोतांनी विमान कसं हेलकावतं याचं गणित मी आणि माझी मैत्रीण कॉम्प्युटरवर मांडत होतो, आणि भिंतीलगतची, खाली मोटारी आणि त्यांचे रबरी पट्टे बसवलेली ती खुर्ची त्या गणिताप्रमाणे हलायची. आकडे जुळले तरी धक्का अंगाला खरा वाटतो का, हे आम्हाला कळायचं नाही, म्हणून देवळालीत राहणारे एक निवृत्त वैमानिक यायचे आणि डोळे मिटून तिच्यात बसायचे. "हा खोटा," "हा बरा," एवढंच बोलायचे. एका दुपारी बाहेर पानही हलत नव्हतं. एका धक्क्यासरशी त्यांचा उजवा हात, शेजारच्याला सावरावं तसा, झटकन आडवा गेला आणि भिंतीवर आपटला. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "हा कुठून आणलात?" मी म्हणाले, "कुठून नाही, सर. कॉम्प्युटर मनानंच काढतो."  ते म्हणाले, "हाच बसला होता आम्हाला, त्र्यंबकच्या डोंगरांवर. दोघं होतो. मी एकटा वाचलो." ते गेल्यावर मी मैत्रिणीला तोच धक्का पुन्हा द्यायला सांगितलं आणि डोळे मिटून खुर्चीत बसले. धक्का आला, माझाही हात आपोआप उजवीकडे गेला, कोपर पार सरळ होईपर्यंत गेला, आणि वीतभरावरची ती भिंत लागलीच नाही. आता विमान ढगात शिरलं की मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसते.